खिळे घासणारा जावजी

सिंधुदुर्गनगरी हे नाव सरकारी कागदावरचे. एसटीच्या कंडक्टरला आणि आम्हा राहणाऱ्यांना ते ओरोसच. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि पुढे ओरोसच्या माळावर त्याचे मुख्यालय वसले. जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी आली, जिल्हा परिषद आली, कोर्ट आले. जिथे कचेऱ्या तिथे कागद, आणि जिथे कागद तिथे झेरॉक्स नि डीटीपीची दुकाने. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, लग्नपत्रिका, सत्यनारायणाच्या पूजेची निमंत्रणे, जत्रेचे आणि दशावतारी नाटकाचे बॅनर, सगळे तिथेच घडते. या दुकानांत दिवसातून एकदा तरी कानावर पडणारे मालवणी वाक्य म्हणजे, फॉन्ट गावना नाय.

मुंबईहून कुणीतरी पत्रिकेची किंवा अहवालाची फाइल पाठवतो. इथे ती उघडली की पडद्यावर पाटी येते, अमुक अमुक फॉन्ट या संगणकावर नाहीत. पाटी बाजूला सारून पुढे गेले तर गणपतीच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्याची चिन्हे यांचा काला झालेला दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, फाइल बिघडली. फाइल ठणठणीत असते. मुळात तिच्यात अक्षरांची चित्रे नसतातच. फॉन्ट म्हणजे अक्षरांचे कपाट समजा. फाइलमध्ये लिहिलेले असते ते कपाटाचे नाव आणि खणांचे क्रमांक. ते कपाट घरात नसले तर संगणक दुसऱ्या कपाटातल्या त्याच क्रमांकाच्या खणात हात घालतो आणि जे हाताला लागेल ते आणून मांडतो. त्यात जुन्या मराठी फॉन्टांची तऱ्हा अशी, की श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम, प्रत्येकाच्या कपाटात ‘क’चा खण वेगळ्या जागी.

या खणांनी दोन वर्षांपूर्वी आम्हाला चांगलेच दमवले. आमच्या मराठी शाळेची एक स्मरणिका १९९९ साली निघाली होती. तिच्यात एका जुन्या मुख्याध्यापकांनी शाळेच्या पहिल्या पटावरून उतरून घेतलेली मुलामुलींची नावे होती. बापाचे नाव, वाडी, दाखल झाल्याचे साल. पुढे मूळ पट वाळवीने खाल्ला. मुख्याध्यापकही गेले. स्मरणिकेच्या ज्या दोन-तीन प्रती गावात सापडल्या, त्यांची नेमकी ती पाने ओल लागून एकमेकांना चिकटलेली. गावातल्या ज्या मुली पहिल्यांदा पाटी घेऊन शाळेत गेल्या, त्यांची नावे दुसरीकडे कुठेही नव्हती. हाती होती ती छपाईच्या वेळची एक सीडी. ती ओरोसच्या दुकानात लावली आणि अर्थातच फॉन्ट गावला नाही.

नाव पाटीवर होते, म्हणून शोध सोपा वाटला. इंटरनेटवर त्याच नावाचा फॉन्ट मिळाला. बसवणे काही कठीण नसते. फॉन्टच्या फाइलवर उजवी टिचकी मारायची, इन्स्टॉल म्हणायचे, डिझाइनचा प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायचा. उघडला. मराठी दिसू लागले आणि दुकानातल्या पोराने मला टाळी दिली. वाचायला बसलो तेव्हा द्वारकाची ‘द्भारका’ झालेली. फॉन्टचे नाव तेच, पण आवृत्ती निराळी, आणि दोन आवृत्त्यांत जोडाक्षरांचे खण इकडचे तिकडे केलेले. द्वारका ओळखता आली. काही आडनावांत मात्र जोडाक्षराच्या जागी नुसती रिकामी चौकट होती, आणि आडनावात चौकट आली की अंदाज चालत नाही. शाळेच्या पटाला अंदाज लावायचा म्हणजे कुणाच्या तरी आजीचे नाव आपण नव्याने ठेवायचे.

मार्ग निघाला तो कुडाळच्या बाजूच्या एका जुन्या छापखान्यात. मालकाने त्या काळी ते पॅकेज रीतसर विकत घेतले होते. त्या पॅकेजबरोबर संगणकाच्या पाठीमागे लावायचे एक कुलूप येत असे. ते कुलूप लावलेला जुनापुराणा संगणक त्याने कापड घालून जपला होता. फॉन्टची नक्कल त्याने दिली नाही, आणि ते योग्यच होते, विकत घेतलेला फॉन्ट वाटण्याचा परवाना त्याच्याकडे नव्हता. आमची फाइल त्याने त्या संगणकावर उघडली आणि पाने छापून दिली. एकही चौकट नाही. त्या पानांवरून आम्ही सगळी नावे युनिकोडमध्ये नव्याने टाइप केली, दोघांनी मोठ्याने वाचून ताडली आणि स्मरणिका पुन्हा निघाली.

पाने छापून होईपर्यंत मालकाने माळ्यावरची एक लाकडी केस खाली काढून दाखवली. छापखान्यात खिळे ठेवायच्या, लहानमोठ्या खणांच्या उथळ खोक्याला केस म्हणतात. वडिलांच्या वेळचे थोडे शिशाचे खिळे तिच्यात उरले होते. त्यातला एक त्याने माझ्या तळहातावर ठेवला. उलटा ‘ळ’. हे निर्णयसागरचे, तो म्हणाला, आणि ज्या सुरात माणूस घराण्याचे नाव घेतो त्या सुरात म्हणाला. घरी आल्यावर मी माझ्याकडची निर्णयसागरी पुस्तके काढली आणि ज्याने हे अक्षर घरोघर पोहोचवले त्या जावजी दादाजी चौधरींची माहिती नव्याने वाचली. आज त्यांच्याविषयी सांगायचे आहे.

जावजींचा जन्म १८३९ सालचा, मुंबईतला. घर गरीब मराठ्याचे. वडील लहानपणीच गेले. शाळा जेमतेम झाली. दहाव्या वर्षी हा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागला. पगार महिना २ रुपये. काम, खिळे घासणे.

हे काम काय असते ते समजून घेतल्याशिवाय पुढचे आयुष्य उलगडत नाही, म्हणून थोडे थांबतो. खिळा तयार होतो तो असा. आधी पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. हा पंच. कोरताना मध्येमध्ये त्याला दिव्याच्या ज्योतीची काजळी धरून कागदावर ठसा घ्यायचा, कुठे जाड झाले, कुठे बारीक, ते पाहायचे. मनासारखे उतरले की पोलादाला पाणी द्यायचे आणि तो पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा. तांब्यात अक्षराचा खोलगट ठसा उठतो, ती मातृका. मातृका साच्यात बसवून वरून शिसे, अँटिमनी आणि कथिल यांचा वितळलेला रस ओतला की खिळा निघतो. एका मातृकेतून हजारो खिळे निघू शकतात. इंग्रजीतला फॉन्ट हा शब्द याच ओतण्यावरून आला आहे. एका अंगाची, एका मापाची, एकत्र ओतलेली अक्षरे म्हणजे फॉन्ट. आज संगणकावर काही ओतत नाहीत, शब्द तेवढा राहिला.

साच्यातून निघालेल्या खिळ्याला शेपूट असते, कडांना कोर असते. ती मोडायची आणि खिळ्याच्या बाजू दगडावर घासून सपाट करायच्या. एक बाजू केसभर जास्त घासली गेली तर ओळ वाकडी होते, कमी घासली गेली तर खिळे एकमेकांना चिकटून बसत नाहीत. उंचीही तंतोतंत हवी. इंग्रजी मापाने खिळ्याची उंची ०.९१८ इंच. एखादा खिळा तेवढ्यात बसला नाही तर तो कागदाला भोक पाडतो किंवा शाईलाच लागत नाही. हे काम दहा वर्षांच्या पोरांच्या हातून करून घेत, कारण ते स्वस्त पडे आणि लहान बोटे चपळ असतात. शिशाची भुकटी पोरांच्या अंगात जात असणार, याचा विचार त्या काळी कुणी केला नव्हता. पण वर्षानुवर्षे दिवसभर अक्षरामागून अक्षर बोटांतून जाताना त्या मुलाला नागरी लिपीचा प्रत्येक कोपरा पाठ झाला असणार, असे मला वाटते. ‘ज्ञ’ कुठे मोडतो, वेलांटीचा कोणता भाग आधी झिजतो, हे शाळेत कळत नाही.

तो ज्या छापखान्यात लागला तो त्या काळी मराठी अक्षरांचे माहेरघर होता. अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ साली उतरले आणि चार वर्षांत मराठी पुस्तिका छापू लागले. सुरुवातीचे नागरी खिळे कलकत्त्याकडचे, बोजड आणि पसरट. तिथल्या टॉमस ग्रॅहम या माणसाने ते लहान आणि सुबक करण्यासाठी कष्ट घेतले आणि इथल्या पोरांना ती विद्या शिकवली. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, त्याची बाजू घेण्याचे मला कारण नाही. पण मराठी अक्षर त्यांच्या कारखान्यात घडले ही गोष्ट आहे तशी मांडली पाहिजे.

याच छापखान्यातून जावजींच्या आधी आणखी एक माणूस बाहेर पडला होता, गणपत कृष्णाजी. त्यांनी १८३१ साली मराठी पंचांग छापले ते खिळ्यांवर नव्हे, शिळेवर. शिळाछापात अक्षर हाताने लिहितात आणि तो अख्खा मजकूर चित्रासारखा दगडावर उतरवून छापतात. छापलेल्या पंचांगाच्या शाईत चरबी असेल म्हणून सोवळ्यातली माणसे त्याला शिवत नसत, तेव्हा गणपत कृष्णाजींनी शाई तुपात केली. आजच्या डीटीपीवाल्यांना शिळाछाप चटकन समजेल. फॉन्टची कटकट टाळायला ते मजकुराचे कर्व्ह करतात, म्हणजे अक्षरांचे चित्र करून टाकतात. मग ती फाइल कुठल्याही संगणकावर उघडली तरी नीट दिसते. पण नवरीच्या नावात एक काना राहिला असेल तर तो घालता येत नाही, सगळे पुन्हा करावे लागते. शिळाछापाचे तेच होते. दगड पुसला की अक्षर गेले. दुरुस्त करता येणारी, पुन्हा वापरता येणारी अक्षरे हवी असतील तर खिळ्यांना पर्याय नव्हता. गणपत कृष्णाजीही पुढे खिळ्यांकडे वळले.

मिशनचा छापखाना सोडल्यावर जावजींनी टाइम्स आणि इंदुप्रकाश अशा छापखान्यांत उमेदवारी केली आणि १८६४ साली स्वतःचा टाइपाचा छोटा कारखाना काढला. वय पंचवीस. साल ध्यानात घ्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सगळे शहर शेअरच्या मागे वेडे झाले होते. १ जुलै १८६५ ला तो फुगा फुटला, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. या धामधुमीत एक बिनभांडवली कारागीर शिसे वितळवत बसला होता, आणि तो टिकला.

त्याला जोड मिळाली राणोजी रावजी आरू यांची. आरू पंच कोरणारे. पोलादावर उलटे अक्षर कोरायचे, तेही तांदळाच्या दाण्याएवढे, आणि ते सुलटे छापल्यावर एखाद्या चांगल्या कारकुनाने बोरूने लिहिल्यासारखे दिसले पाहिजे. निर्णयसागरी अक्षराची जी गोलाई आणि डौल आपण वाखाणतो ती आरूंच्या मनगटातली. जावजींचे नाव झाले, आरूंचे जाणकारांपुरते राहिले. कारखाना काढणाऱ्याचे नाव पाटीवर येते, कोरणाऱ्याचे येत नाही, ही रीत अजून चालू आहे. आपण रोज वाचतो तो फॉन्ट कुणी काढला, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील?

इंग्रजी छापणाऱ्याचे काम तुलनेने सोपे. सव्वीस अक्षरे, त्यांची मोठी रूपे, आकडे, विरामचिन्हे. आपल्याकडे काने, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे धरली की खणांची संख्या काही शेंवर जाते. जुळारी केसपुढे उभा राहून खिळे उचलतो तेव्हा त्याचा हात कुठल्या कुठे जातो. आणि एवढे करून ऐन वेळी खिळा संपतो. खिळे वजनावर विकले जात, त्यात कुठले अक्षर किती, याचे प्रमाण ठरलेले असे. मजकूर थोडा आडवाटेचा आला की प्रमाण चुकते. ‘ष्ठ’ संपला तर काय करायचे? जुळाऱ्यांची एक रीत होती. त्या जागी तेवढ्याच रुंदीचा दुसरा खिळा पायावर न ठेवता डोक्यावर उलटा ठेवायचा. तपासणीच्या कागदावर तिथे काळा ठोकळा उमटतो आणि इथे अक्षर यायचे आहे हे विसरले जात नाही. आजचे डिझाइनचे प्रोग्राम सापडत नसलेल्या फॉन्टचा मजकूर गुलाबी रंगाने रंगवतात, तेव्हा मला तो काळा ठोकळा आठवतो.

पण ठोकळा फक्त खूण करतो. ‘ष्ठ’ कुठून तरी आणावा लागतोच. छापखाना कोकणात असेल तर मुंबईला पत्र लिहायचे, आणि माल आगबोटीने मालवण-वेंगुर्ल्याला उतरेल तेव्हा खरा. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे गणपतीआधीचे काम दिवाळीवर. निर्णयसागरचे खिळे महाराष्ट्रभर आणि महाराष्ट्राबाहेरही गेले त्याचे कारण त्यांच्या देखणेपणाइतकेच त्यांच्या मापातही आहे. एकाच घराण्याच्या अक्षरात लहान, मध्यम, मोठी अशी मापे मिळत आणि आज आणलेला खिळा पूर्वी आणलेल्या खिळ्याशेजारी नीट बसे. त्या दिवशी द्वारकाची द्भारका पाहिल्यावर या गोष्टीचे मोल मला जास्तच कळले.

१८६९ साली जावजींनी निर्णयसागर छापखाना काढला आणि पंचांग छापायला घेतले. पंचांगाची निवड मला फार शहाणपणाची वाटते. ते दरवर्षी लागते, घरोघर लागते. शिवाय खिळे ओतणाऱ्याची सगळी परीक्षा पंचांगाच्या एका पानात होते. बारीक आकडे, वारांची एकेक आद्याक्षरे, रेघांचे कोठे, आणि एक आकडा चुकला तर कुणाचा तरी मुहूर्त चुकायचा. ज्याचे पंचांग लोक विश्वासाने उघडतात त्याचे खिळे घ्यायला दुसरा छापखानदार का कचरेल? वेगळी जाहिरात करण्याची गरज नव्हती.

निर्णयसागरचे सर्वांत मोठे काम संस्कृतातले. जेमतेम शाळा पाहिलेल्या या माणसाने १८८६ साली काव्यमाला सुरू केली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. ठिकठिकाणच्या पोथ्या मिळवायच्या, ताडून पाहायच्या, शुद्ध करायच्या आणि थोड्या किमतीत छापायच्या. कुणाच्या तरी माजघरात लाल फडक्यात बांधलेली काव्ये, नाटके, स्तोत्रे अशा रीतीने गुच्छांमागून गुच्छ बाहेर आली. परबांनी संपादित केलेले कादंबरी आणि हितोपदेश यांसारखे ग्रंथ विद्यार्थ्यांच्या हाती गेले. युरोपातले संस्कृत पंडित निर्णयसागरची प्रत मागवून तिच्यावरून आधार देऊ लागले.

इथे खिळ्यांचा प्रश्न किती बिकट होता याचा विचार करा. मराठीत वर्षभर न लागणारी जोडाक्षरे संस्कृतात पानोपानी लागतात. ‘ङ्क्ष’, ‘द्ध्व’, ‘ष्ट्य’, ‘ह्न’. साधा छापखाना अशा वेळी पायमोडके अक्षर लावून वेळ मारून नेई. निर्णयसागरची पाने उघडून पाहा, जोडाक्षर जोडलेले दिसेल. कारण खिळा नसेल तर त्यांना कुणाला पत्र लिहावे लागत नव्हते. पंच कोरायचा, मातृका ठोकायची, खिळा ओतायचा, सगळे एका छताखाली. जावजींनी आयुष्यभर केले ते हेच, जे अक्षर सापडत नाही ते घडवून आणायचे. संपादकांच्या विद्वत्तेला या कारखान्याचा आधार नसता तर शुद्ध पाठ पंडितांच्या वहीत राहिला असता.

१८९२ साली जावजी वारले. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. दोन रुपयांवर खिळे घासणारा मुलगा मागे ठेवून गेला तो मुंबईतला नावाजलेला छापखाना आणि ज्याला लोक नुसते निर्णयसागरी म्हणू लागले होते असे अक्षर.

पुढचा इतिहास अक्षरांना फारसा अनुकूल नव्हता. खिळ्यांची संख्या कमी करण्याचा प्रयत्न लोकमान्य टिळकांनीही केला, ‘केसरी’ वेळेवर निघायचा तर काही शे खण परवडत नव्हते. मग अक्षरे यंत्राने जुळवण्याचे दिवस आले, यंत्राच्या मर्यादेत लिपी बसवताना बरीच जोडाक्षरे सुटी झाली. ऑफसेट आले, आणि १९९० च्या सुमारास डीटीपी. गावोगावच्या छापखान्यांनी केस रिकाम्या केल्या आणि खिळे शिशाच्या भावाने विकले. वितळलेल्या शिशातून कुठले अक्षर परत काढणार? कुडाळच्या त्या छापखान्यात मूठभर उरले ते मालकाचा जीव झाला नाही म्हणून.

संगणकाने सुरुवातीला जावजींच्या आधीचा गोंधळ परत आणला, ज्याची त्याची मापे नि ज्याचे त्याचे खण. युनिकोडने तो बराच निस्तरला. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक जगभर एकच, म्हणून फॉन्ट नसला तरी मजकूर वाचता येतो, फक्त रूप बदलते. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा फॉन्ट मराठी कवी आणि अक्षरकार र. कृ. जोशी यांनी काढला. ते २००८ मध्ये गेले. पण मराठी माणसाचे फॉन्ट गावना नाय संपले नाही, त्याचे रूप तेवढे बदलले. अनेक फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मराठी वळण त्याच फॉन्टात दडलेले असू शकते, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंद केल्याशिवाय ते बाहेर येत नाही, आणि ही नोंद करायची असते हे दुकानात फार थोड्यांना ठाऊक. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक मिळायला २००८ साल उजाडले. दऱ्यांमधला ‘ऱ्य’ चुकून साधा टाइप झाला की डोंगराच्या दऱ्यांचा समुद्र होतो, दर्या. कोकणात दोन्ही आहेत, म्हणून वाचणाऱ्याला चूक लवकर कळतही नाही.

जुन्या फायलींचे काम मात्र युनिकोडने आपोआप होत नाही. १९९० ते २०१० या काळातल्या किती स्मरणिका, ग्रामदेवतांचे इतिहास, सहकारी संस्थांचे अहवाल, साप्ताहिकांचे अंक सीड्यांवर पडून असतील! फॉन्ट बदलून देणारे प्रोग्राम मिळतात, पण ते ठराविक फॉन्टांचेच खण ओळखतात. ज्यांच्याकडे अशी फाइल आहे त्यांनी तो फॉन्ट चालणारा एक तरी संगणक जिवंत असेपर्यंत पाने छापून घ्यावीत किंवा अक्षरे आत बसवलेली पीडीएफ करून घ्यावी, आणि फॉन्टचे पूर्ण नाव आवृत्तीसकट एका कागदावर लिहून सीडीच्या पाकिटात ठेवावे. नवे काही करायचे असेल तर मोफत आणि रीतसर परवान्याचे चांगले मराठी फॉन्ट आता उपलब्ध आहेत. राज्य मराठी विकास संस्थेने करवून घेतलेला यशोमुद्रा हा त्यांतला एक. तो काढला मुंबईच्या आयआयटीत गिरीश दळवी यांनी. नाव मुद्दाम देतो.

निर्णयसागरी अक्षर मात्र एका वेगळ्याच वाटेने टिकले. काशी-दिल्लीच्या प्रकाशकांनी निर्णयसागरची जुनी पुस्तके पुन्हा काढली ती खिळे जुळवून नव्हे, जुन्या पानांचे फोटो घेऊन. म्हणजे आरूंचा ‘ज्ञ’ आणि जावजींनी ओतलेले जोडाक्षर अजून छापले जाते आहे, फक्त त्यात आता एक काना घालता येत नाही. माझ्याकडे अमरकोशाची आणि काव्यमालेतल्या काही ग्रंथांची मूळ पुस्तके आहेत. त्यांची मुखपृष्ठे एकापुढे एक ठेवली की घराण्याची वंशावळ तयार होते. आधी जावजी दादाजी. मग मुलगा तुकाराम जावजी. त्यानंतर पांडुरंग जावजी. आणि शेवटच्या पुस्तकांवर पत्ता मुंबईतली कोलभाट गल्ली आणि प्रकाशक म्हणून एका बाईचे नाव, सत्यभामाबाई पांडुरंग.